बाजारात नसलेली खूण

बातमी आली तेव्हा माझा उजवा हात दुसऱ्याच्या हातात होता. चाकणचा बाजार भरला होता, एका खिलारी जोडीचा सौदा जवळजवळ पटत आला होता, आणि उपरण्याखाली समोरच्या व्यापाऱ्याची बोटं माझी बोटं दाबून शेवटचा आकडा सांगत होती. तेवढ्यात माझा पुतण्या सायकल हातात धरून गर्दीतून वाट काढत आला आणि म्हणाला, "आबा, लोणावळ्याचं मास्तर गेलं." समोरच्याला वाटलं, भाव पाडण्यासाठी मी गप्प झालोय. त्यानं एक बोट सोडलं. मग आणखी एक सोडलं. मी हात काढून घेतला नाही, कारण हात काढायचा असतो हेच मला सुचेना… शेवटी तोच वैतागला. "सदाभाऊ, लईच ताणता राव तुमी!" तेव्हा मी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि चालू लागलो. इतक्या वर्षांच्या धंद्यात न पटवता आणि न मोडता सोडून दिलेला माझा तो एकच सौदा.

गोविंद मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी, तेराव्यानंतर त्यांच्या घरून माझं नाव कळल्यावर, मला सांगितलं, तुम्ही त्यांचे सगळ्यांत जुने मित्र, तर तुम्हीच लिहा. मित्र हा त्यांचा शब्द. मी गुरांचा व्यापारी माणूस. शाळा अर्धी सुटली, पुढचं वाचन मी माझं मीच केलं. गोविंदाबद्दल मी आजवर कोणाजवळ फारसं चांगलं बोललेलो नाही आणि तो गेला म्हणून आता साखर पेरणार नाही. त्याच्यावर माझा राग होता. तीस वर्षांचा होता. तो कसा होता आणि त्याचं आता मी काय करायचं ते मला कळत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघे आंदर मावळातले, एकाच ओढ्याच्या दोन काठांवरचे. माझे वडील बैलांची खरेदी-विक्री करत, त्याच्या घरी भातशेती. पहिली लढाई चालू होती त्या काळात आम्हा दोघांना खाली रेल्वेच्या कडेच्या एका गावी इंग्रजी शाळेत घातलं. शाळेचं नाव घेत नाही. त्यातले मास्तर आता हयात नाहीत, आणि गेलेल्यांशी भांडण्याचा मला कंटाळा आला आहे. एका गोठ्याच्या माळ्यावर आम्ही राहायचो. खाली म्हशी, वर आम्ही. गावाकडून शनिवारी भाकऱ्या यायच्या, सुरुवातीला मऊ, नंतर कडक, आणि शेवटी गोविंद त्या पाण्यात बुडवून म्हणायचा, "सद्या, ह्या भाकरीवर पाटीवानी लिवून बग, उमटंल."

मी वडिलांबरोबर बाजारात वाढलो होतो, म्हणून बोटांची भाषा मला अक्षरांच्या आधी आली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघे हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात, आणि बोटं दाबून आकडा सांगतात. आधी दहाकं, मग एकं. तेरा सांगायचे तर एक बोट दाबून थांबायचं, मग तीन दाबायची. चाळीस म्हणजे चार बोटं आणि मग नुसती मूठ. आठ म्हणजे आधी अख्खा पंजा, मग तीन. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. तोंडानं दोघे बैलाच्या शिंगांची निंदा करत असतात आणि खाली हात खरं बोलत असतात.

बीजगणितात वर्गसमीकरणं आली तेव्हा गोविंद अडला. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे कबूल करायला मला काही लागत नाही, पण मधलं पद फोडायचं म्हटलं की तो घामाघूम व्हायचा. क्षचा वर्ग, वजा तेरा क्ष, अधिक चाळीस, बरोबर शून्य. आता असे दोन आकडे काढा की ज्यांची बेरीज तेरा आणि गुणाकार चाळीस. ते सापडले की दोन कंस होतात, आणि कंस झाले की उत्तर हातात. तो वहीभर आकडे मांडत बसायचा. मला ते नुसते दिसायचे. बाजारात बसून बसून एका आकड्याचे दोन तुकडे चटकन करायची मला सवय होती. मी म्हणालो, "आन हिकडं हात." माळ्यावर, गुडघ्यांवर घोंगडी ओढून, मी त्याला बोटांची भाषा शिकवली. आधी बेरीज द्यायची, मग गुणाकार द्यायचा, दुसऱ्यानं दोन आकडे परत करायचे. पाच आणि आठ! तो आनंदानं किंचाळला तेव्हा खाली म्हैस उधळली होती.

मग आम्हाला त्याचं व्यसनच लागलं. शाळेच्या वाटेवर, नदीवर, देवळात कीर्तन चालू असताना उपरण्याखाली आमची वर्गसमीकरणं चालायची. कीर्तनकार म्हणायचे, "दोन पोरं बगा कशी हात जोडून बसल्याती." गोविंद माझ्या बरोबरीला आला. त्याला अजून वेळ लागायचा, पण चुकायचा नाही. आमच्या वर्गात तोवर बहुतेक समीकरणं मधल्या पदाला वजा असलेलीच दिली होती. त्यांची उत्तरं साधी येतात, जे दोन आकडे बोटांवर तेच उत्तर. त्यामुळे आमच्या खेळात काय कमी आहे ते दोघांनाही कळलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या कागदावर मधलं पद अधिक होतं. क्षचा वर्ग, अधिक तेरा क्ष, अधिक चाळीस. मी खोलीच्या एका टोकाला, गोविंद दुसऱ्या टोकाला. आम्ही दोघांनीही कंस बरोबर पाडले, आणि दोघांनीही उत्तर लिहिलं पाच आणि आठ. ते हवं होतं वजा पाच आणि वजा आठ. अख्ख्या वर्गात ही चूक फक्त आम्हा दोघांची. ज्यांना येत होतं त्यांनी वजा लिहिलं होतं आणि ज्यांना येत नव्हतं ते कंसापर्यंत पोचलेच नव्हते. पुढच्याही दोन उदाहरणांत आमचं तसंच, तेच वजा गायब.

मास्तरांनी दोघांना बोलावलं. कागद शेजारी शेजारी ठेवले. "दोघांची चूक सारखी. कोणी कोणाचं पाहिलं?" मी म्हणालो, कोणीच नाही. ते म्हणाले, "मग मधल्या पायऱ्या कुठं आहेत?" माझ्या कागदावर पायऱ्या नव्हत्या, मी आकडे बोटांवर काढून सरळ कंस लिहीत असे. गोविंदच्या कागदावर सगळ्या होत्या, तो नीटनेटका. मी बोटांचं सांगायला लागलो, तर मास्तर हसले. "म्हणजे गुरांच्या हेड्यांची दलाली इथंही?" मी तापलो. मला लवकर ताप चढतो, तेव्हाही चढायचा. मी काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. पण बोलायच्या आधी मी गोविंदाकडं पाहिलं होतं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की हा खरं सांगतोय, मलाही यानंच शिकवलं, आम्ही दोघं एकाच रीतीनं शिकलो म्हणून एकाच रीतीनं चुकलो. एक वाक्य. गोविंद जमिनीकडं बघत उभा राहिला…

माझं नाव शाळेतून गेलं. माळ्यावरून माझी वळकटी मी एकट्यानं खाली आणली. गोविंद म्हशींपाशी उभा होता. "सद्या," एवढंच म्हणाला. मी थांबलो. पुढं काही आलं नाही.

त्यानंतरचं माझं सगळं मी माझ्या जिवावर केलं. वडिलांच्या मागं दावणीला उभा राहिलो, सोमाटण्याला रस्त्याच्या कडेला जागा घेतली, आणि पुढं अशी वेळ आली की माझ्याशिवाय बाजारात चांगल्या जोडीचा भाव ठरेना. गोविंद मॅट्रिक झाला आणि लोणावळ्याच्या एका शाळेत बीजगणिताचा मास्तर झाला. लोक म्हणायचे, हातात हात धरून शिकवतो. मला ते ऐकून हसू यायचं, आणि त्या हसण्याला धार होती.

आमचं जाणं-येणं मात्र तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं झालं असतं. वर्षातून दोन-तीनदा मी लोणावळ्याला त्याच्या घरी जायचो. स्टेशनच्या मागं, उतारावर, पुढं लाकडी खांबांची पडवी असलेलं बैठं घर. जानकीवहिनी, त्याची बायको, मला भावोजी म्हणायच्या आणि माझ्या आवाजानं दचकायच्या. मी पाटावर बसलो की सुरू करायचो. "काय मास्तर, पायऱ्या लिवता का अजून?" तो हसायचा. "लिहायला लागतात बाबा. पोरं बघतात." मी म्हणायचो, "पोरं बगत्यात व्हय? आमच्या टायमाला पोरं बगायची तर शाळेतनं हाकलायची." मग तो चष्मा काढून पुसायचा, तोंड उघडायचा, माझ्याकडं बघायचा, आणि मी वाट बघत असायचो. बाहेर घाट चढणारं इंजिन धापा टाकत असायचं. मग तो आत वळून म्हणायचा, "अगं, सद्या आलाय. चहा टाकतेस का?"

दर खेपेला चहा. तो चहा मी इतकी वर्षं प्यायलो, पण मला पाहिजे होतं ते दुसरंच. मी ते तोंडानं कधी मागितलं नाही. का, ते कोणताही व्यापारी सांगेल. ज्याला माल हवा त्यानं आधी बोलायचं नसतं, आधी बोलला तो पडला. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिलो आणि तो कशाची बघत होता ते मला माहीत नाही.

गेल्या वर्षी दुसरी लढाई संपून माणसं परतत होती, त्या सुमाराला गोविंद वर्गातच फळ्यापुढं कोसळला. वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मला कळलं तसा मी धावलो. पलंगावर तो उशीला टेकून बसला होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो मी जनावराच्याही घशातून ऐकलेला नाही. मी बाहेर पडवीत आलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. वहिनींना वाटलं मला वाईट वाटतंय. वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर संताप जास्त होता. जो एक शब्द मी तीस वर्षं थांबून मागत होतो, तो त्याच्याकडं असताना त्यानं दिला नाही. आता त्याच्याकडंच नव्हता.

मग मी जे करता येतं ते केलं. पुण्याहून मोटारीनं डॉक्टर आणला. भोर भागातला एक वैद्य आणला, त्याच्या तेलानं रोज अंग चोळायला माणूस ठेवला. त्याच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली, तर रेघोट्या निघाल्या. तो त्या बघून रडला आणि वहिनींनी पाटी उचलून ठेवली. डॉक्टरांशी मी हुज्जत घातली. "अहो, थोडं तरी बोलता करा. दोन शब्द. एक." डॉक्टर सभ्य होते. म्हणाले, "सदाभाऊ, हे माझ्या हातात नाही." मला नाही हा शब्द ऐकायची सवय नाही. बाजारात नाही म्हणजे सुरुवात असते. इथं सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. भांडायला कोणी नव्हतं, पलंगावरचा माणूस सोडून, आणि त्याच्याशी तर भांडताही येत नव्हतं.

शेवटची भेट दुपारची. बाहेर ऊन, आत अंधारलेलं. मी त्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसलो आणि नेहमीचं बोलत होतो, बाजाराचं, पाऊसपाण्याचं. त्यानं डाव्या हातानं माझा हात धरला आणि अंगावरच्या शालीखाली ओढला. मला वाटलं थंडी वाजते. तेवढ्यात त्यानं माझं एक बोट दाबलं. थांबला. तीन दाबली. मग चार बोटं, आणि मूठ.

बेरीज तेरा, गुणाकार चाळीस.

डोळ्यांत पाणी आलं म्हणून लाज वाटत नाही. मी म्हणालो, "गोंद्या… विसरला न्हाईस व्हय रं?" आणि त्याच्या हातात पाच दिले, आणि मग आठ दिले. त्यानं मान हलवली. नाही. मी परत दिले. त्यानं परत मान हलवली, आणि माझा पंजा धरून उलटा केला, तळवा खाली, आणि गादीवर दाबला. मला काही कळेना. मी हात सरळ करून पुन्हा पाच दिले. त्यानं पुन्हा पालथा केला. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मला वाटलं तो म्हणतोय, पुरे, जा आता. तसं वाटल्याबरोबर जुना ताप चढला. मी म्हणालो, "अरं बरोबर हाय की! पाच आन् आठ! आनखी काय पायजे तुला?" आत वहिनी धावत आल्या. "भावोजी, दमलेत ते, राहू द्या ना." मी उठलो. माझी गाडीची वेळही झाली होती. दारातून वळून पाहिलं, तर शालीखाली त्याचा हात अजून हलत होता.

त्यानंतर चाकणच्या बाजारात ती बातमी.

तेराव्याला पडवीत त्याचे जुने विद्यार्थी बसले होते. कोणी रेल्वेत, कोणी वकिलाकडं, एक जण स्वतःच मास्तर. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत सगळे त्याच्या गोष्टी काढत होते. मी खांबाला टेकून बसलो होतो, मला कोणी ओळखत नव्हतं. रेल्वेत बुकिंगला असलेला एक जाडगेला गृहस्थ म्हणाला, "आणि तो पालथा हात आठवतो का रे?" सगळे हसले आणि एकदम चार-पाच जणांनी आपापला हात पुढं करून तळवा खाली केला.

मी विचारलं, "हे काय?"

"वजा," तो म्हणाला. "तुम्ही मास्तरांचे गाववाले का? मग बोटांचा भाव माहीत असेल. अवयव पाडण्याचा पहिला धडा ते तसाच शिकवायचे. एकाला पुढं बोलवायचं, हातावर उपरणं टाकायचं, बेरीज द्यायची, गुणाकार द्यायचा. आम्ही पाच-आठ म्हटलं की म्हणायचे, कंसात काय आहे? क्ष अधिक पाच. हा कंस शून्य व्हायचा तर क्ष किती पाहिजे? वजा पाच. मग आमचा हात पालथा करायचे." त्यानं मास्तरांचा आवाज काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की आत वहिनींच्या हातातलं भांडं पडलं. "ही खूण बाजारात नाही बाळांनो. बाजारात शून्याच्या खाली काही विकत नाहीत. मला आणि माझ्या एका मित्राला ही खूण ठाऊक नव्हती, म्हणून आम्ही दोघं परीक्षेत एकच चूक करून बसलो. कोणी कोणाचं पाहिलं नव्हतं. मला ही भाषा त्यानंच शिकवली, आणि तो माझ्याआधी उत्तर काढायचा."

"दर वर्षी?" मी म्हणालो.

"दर वर्षी. आमच्या आधीच्यांना आणि नंतरच्यांनाही."

दुसरा, जो स्वतः मास्तर आहे तो म्हणाला, "आम्ही विचारायचो, सर, मग त्या मित्राचं काय झालं? तर सर फळा पुसायला लागायचे. स्वच्छ फळा पुन्हा पुसायचे."

"तुमी वळखत असाल त्या मित्राला," तिसरा म्हणाला. "तुमच्या गावाकडचाच असंल."

मी म्हणालो, "ऐकून हाय."

त्या दिवसापासून मला धड रागावता येत नाही आणि धड रडताही येत नाही. जे वाक्य माझं होतं ते त्यानं दर वर्षी खोलीभर परक्या पोरांपुढं उच्चारलं. अर्ध्या लोणावळ्याला ते पाठ आहे. ज्या पडवीत मी पाटावर बसून वाट बघत होतो, तिथून त्याची शाळा हाकेच्या अंतरावर. मला का नाही सांगितलंस, असं मी आता कोणाला विचारू? आणि शेवटी त्यानं सांगितलंच होतं, त्याच्याजवळ उरलेल्या एकमेव भाषेत. फक्त ती खूण माझ्यानंतरची होती. त्यानं ती माझ्यामुळं केली आणि मीच तेवढा शिकायचा राहिलो. सौद्यात माणूस फसवतो तेव्हा मला त्याचा गळा धरता येतो. इथं कोणी कोणाला फसवलं, तेच मला ठरवता येत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा लोणावळ्याला गेलो होतो. वहिनींनी पलंग तसाच ठेवला आहे, पायथ्याशी शालीची घडी. त्या आत गेल्यावर मी डाव्या बाजूच्या स्टुलावर बसलो आणि शाल उलगडून हात खाली घातला. एक बोट, मग तीन. चार, आणि मूठ. पाच दिले. आठ दिले. मग हात पालथा केला. काही झालं नाही. आपला हात आपणच पालथा केला तर तो नुसता पालथा हात असतो, तो दुसऱ्यानं करावा लागतो. तरी मी तो तसाच गादीवर ठेवून बसलो, पुष्कळ वेळ… इंजिन घाट चढून आलं आणि स्टेशनात शांत झालं.

वहिनी दारात आल्या. शालीखालचा हात त्यांनी पाहिला असावा. हळूच म्हणाल्या, "भावोजी, चहा टाकू का?"

मी म्हणालो, "टाका."